स्थानिक इंटरनेट सेवापुरवठादार

स्थानिक इंटरनेट सेवापुरवठादार म्हणजे एखाद्या शहरात, तालुक्यात किंवा जिल्ह्यात स्वतःचे वितरण जाळे उभारून घरे, दुकाने, शाळा व कार्यालये यांना इंटरनेट जोडणी देणारी संस्था अथवा व्यावसायिक होय. असा पुरवठादार इंटरनेटची क्षमता मोठ्या दूरसंचार कंपनीकडून घाऊक स्वरूपात घेतो आणि आपल्या नियंत्रण कक्षातून ती ग्राहकांपर्यंत पोहोचवतो. या कामासाठी राउटर, ओएलटी, ऑप्टिकल फायबर केबल, स्प्लिटर, बिनतारी अँटेना, वीजसाठवण यंत्रणा आणि ग्राहकाच्या घरातील ओएनयू अशी उपकरणांची साखळी लागते. साखळीतील एक दुवा निकामी झाला तरी त्यापुढील सर्व ग्राहकांची सेवा थांबते. त्यामुळे या जाळ्याची रचना करताना वेगाइतकेच महत्त्व अखंडतेला दिले जाते.

महाराष्ट्रात महानगरांबाहेरील तारयुक्त ब्रॉडबँड सेवेचा बराच भाग अशा स्थानिक पुरवठादारांकडून आणि मोठ्या कंपन्यांच्या स्थानिक भागीदारांकडून चालवला जातो. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळसारख्या तालुक्याच्या गावांचे भौगोलिक स्थान या यंत्रणेच्या अभ्यासासाठी उपयुक्त उदाहरण ठरते.

## पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगम लिमिटेडने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. आरंभीची जोडणी दूरध्वनीच्या तारेवरून डायल-अप पद्धतीने मिळत असे व तिचा वेग काही किलोबिट प्रति सेकंद इतकाच होता. नोव्हेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने इंटरनेट सेवेचे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. १ ऑक्टोबर २००० रोजी भारत संचार निगम लिमिटेड (बीएसएनएल) या कंपनीचे कामकाज सुरू झाले आणि २००५ पासून तिने दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरूनच ब्रॉडबँड सेवा देण्यास सुरुवात केली. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट प्रति सेकंद हा ब्रॉडबँडचा किमान वेग ठरवण्यात आला होता. जानेवारी २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिट प्रति सेकंद करण्यात आली.

तांब्याच्या तारेवरील ब्रॉडबँडचा वेग दूरध्वनी केंद्रापासूनच्या अंतराबरोबर झपाट्याने घटतो. केंद्रापासून चार-पाच किलोमीटर दूर असलेल्या वाडी-वस्त्यांना त्याचा लाभ क्वचितच मिळत असे. ही उणीव आरंभी केबल टीव्ही चालकांनी आणि लहान बिनतारी पुरवठादारांनी भरून काढली. २०१२ ते २०१७ या काळात केबल टीव्हीचे टप्प्याटप्प्याने डिजिटलीकरण झाले. त्यानिमित्ताने अनेक केबल चालकांनी आपल्या जाळ्यात ऑप्टिकल फायबर टाकले व त्याच केबलमधील रिकाम्या तंतूंवरून इंटरनेट सेवा देण्यास आरंभ केला. ग्राहकांची ओळख, खांबांचे मार्ग आणि वसुलीची व्यवस्था त्यांच्याकडे आधीपासूनच होती.

## मोहोळचे उदाहरण

मोहोळ हे सोलापूर जिल्ह्यातील एका तालुक्याचे मुख्यालय असून ते सोलापूर शहराच्या वायव्येस सुमारे ३५ किलोमीटरवर आहे. पुणे-सोलापूर राष्ट्रीय महामार्ग (क्रमांक ६५, पूर्वीचा क्रमांक ९) या गावावरून जातो. आळंदी-पंढरपूर पालखी मार्ग म्हणून ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९६५ पंढरपूरवरून येऊन मोहोळ येथे त्याला मिळतो. मुंबई-चेन्नई लोहमार्गावरील कुर्डुवाडी व सोलापूर यांच्या दरम्यान मोहोळ रेल्वे स्थानक आहे.

दूरसंचाराच्या दृष्टीने हे स्थान महत्त्वाचे आहे. दूर पल्ल्याच्या फायबर केबल प्रामुख्याने महामार्ग आणि लोहमार्ग यांच्या कडेने टाकल्या जातात, कारण तेथे सलग जागा आणि देखभालीसाठी वाट उपलब्ध असते. सप्टेंबर २००० मध्ये स्थापन झालेली रेलटेल ही सरकारी कंपनी लोहमार्गालगतच्या फायबर जाळ्यावर उभी आहे आणि तिची 'रेलवायर' ही ब्रॉडबँड सेवा स्थानिक भागीदारांमार्फतच ग्राहकांपर्यंत जाते. महामार्ग व लोहमार्ग या दोहोंवर असलेल्या गावात पुरवठादाराला घाऊक क्षमता मिळवण्यासाठी एकापेक्षा अधिक पर्याय मिळू शकतात. आडवळणाच्या तालुक्यांना ही सोय नसते.

तथापि मार्ग दोन असले म्हणजे ते परस्परांपासून स्वतंत्र असतातच असे नाही. मोहोळहून सोलापूरकडे जाताना सीना नदी ओलांडावी लागते. महामार्ग लांबोटीजवळील पुलावरून जातो, तर लोहमार्गही पुढे हीच नदी ओलांडतो. पुण्याच्या दिशेने आणि पंढरपूरच्या दिशेने जाणाऱ्या मार्गांना भीमा नदी पार करावी लागते. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीला आलेल्या महापुराचा मोहोळ, माढा व करमाळा तालुक्यांतील नदीकाठच्या गावांना मोठा फटका बसला. अशा प्रसंगी सोलापूरकडील दोन्ही मार्ग एकाच वेळी धोक्यात येऊ शकतात. म्हणून खरा पर्यायी दुवा विरुद्ध दिशेने, म्हणजे एक सोलापूरकडून व दुसरा कुर्डुवाडी किंवा पुण्याकडून घेतलेला असावा लागतो.

## परवाना व नियमन

भारतात इंटरनेट सेवा विकण्यासाठी केंद्रीय दूरसंचार विभागाचा परवाना आवश्यक असतो. एकीकृत परवाना पद्धतीत इंटरनेट सेवेचे तीन वर्ग आहेत. 'अ' वर्गाचा परवाना संपूर्ण देशासाठी, 'ब' वर्गाचा एका दूरसंचार परिमंडळासाठी किंवा महानगरासाठी आणि 'क' वर्गाचा एका दुय्यम स्विचिंग क्षेत्रासाठी असतो. दुय्यम स्विचिंग क्षेत्राच्या सीमा बहुतांशी जिल्ह्याशी जुळतात. सोलापूर हे असेच एक क्षेत्र आहे. स्वतः परवाना न घेणारे व्यावसायिक परवानाधारक कंपनीचे भागीदार म्हणून काम करतात व महसुलाचा ठरलेला हिस्सा घेतात. गावपातळीवर ही दुसरी पद्धत अधिक आढळते.

परवानाधारकावर काही बंधने असतात. कोणत्या ग्राहकाने कोणता आयपी पत्ता केव्हा वापरला याची नोंद ठेवणे, ग्राहकाची ओळख पडताळणे आणि सरकारी आदेशानुसार संकेतस्थळे रोखणे ही त्यांपैकी प्रमुख होत. भारतीय संगणक आपत्कालीन प्रतिसाद पथकाने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. सेवेच्या दर्जाबाबतचे निकष भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय) ठरवते.

केबल टाकण्यासाठी सार्वजनिक जागेचा वापर करावा लागतो. त्यासाठी २०१६ मध्ये मार्गाधिकार नियम करण्यात आले. दूरसंचार अधिनियम, २०२३ अन्वये तयार झालेले नवे मार्गाधिकार नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. त्यांनुसार रस्ता खोदण्यासाठी वा खांब वापरण्यासाठी नगरपरिषद, ग्रामपंचायत, सार्वजनिक बांधकाम विभाग किंवा राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांपैकी संबंधित यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते.

## मुख्य दुवा

पुरवठादाराच्या नियंत्रण कक्षाला उर्वरित इंटरनेटशी जोडणाऱ्या घाऊक जोडणीस मुख्य दुवा किंवा व्यवहारात 'अपस्ट्रीम' म्हणतात. ती सहसा १ अथवा १० गिगाबिट प्रति सेकंद क्षमतेच्या फायबर जोडणीच्या रूपात येते. भारतातील इंटरनेट वाहतुकीचे सर्वांत मोठे केंद्र मुंबई आहे. बहुसंख्य समुद्राखालील केबल तेथे किनाऱ्याला लागतात आणि मोठी डेटा केंद्रे व विनिमय केंद्रे तेथेच आहेत. देशांतर्गत वाहतूक देशातच राहावी यासाठी १९ जून २००३ रोजी भारतीय राष्ट्रीय इंटरनेट विनिमय (निक्सी) या संस्थेची स्थापना झाली. पुढे खासगी विनिमय केंद्रेही उभी राहिली.

काचेच्या तंतूमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर वेगाने जातो. मोहोळ ते मुंबई हे लोहमार्गाने सुमारे ४२० किलोमीटरचे अंतर धरल्यास जाऊन येण्यास केवळ सव्वाचार मिलिसेकंद लागतात. प्रत्यक्ष विलंब यापेक्षा अधिक असतो, कारण केबलचा मार्ग वळणावळणाचा असतो व वाटेत अनेक उपकरणे असतात. लोकप्रिय चित्रफिती व अद्ययावत संगणक-प्रणाली यांच्या प्रती जवळच्या शहरातील साठवण सर्व्हरवर ठेवल्या, तर तीच सामग्री पुन्हापुन्हा मुंबईहून आणावी लागत नाही आणि मुख्य दुव्यावरील भार कमी होतो.

### क्षमतेचे गणित

सर्व ग्राहक एकाच क्षणी पूर्ण वेग वापरत नाहीत, या गृहीतकावर किरकोळ इंटरनेटचा व्यवसाय उभा असतो. एका पुरवठादाराकडे प्रत्येकी ५० मेगाबिट प्रति सेकंदाचे १,००० ग्राहक आहेत असे मानू. विकलेल्या वेगांची बेरीज ५० गिगाबिट होते. रात्री आठ ते अकरा या गर्दीच्या वेळी प्रतिग्राहक सरासरी वापर अडीच मेगाबिट धरल्यास प्रत्यक्ष गरज २.५ गिगाबिटची ठरते. एवढी क्षमता व तिच्यावर काही राखीव भाग घेणाऱ्या पुरवठादाराची सेवा सुरळीत चालते. खर्च वाचवण्यासाठी १ गिगाबिटवरच भागवल्यास मात्र दुपारी चांगला असलेला वेग रात्री कोसळतो. 'दिवसा चालते, रात्री अडकते' या प्रकारच्या तक्रारींचे मूळ बहुधा ग्राहकाच्या घरातील उपकरणात नसून येथे असते.

## नियंत्रण कक्ष

मुख्य दुवा जेथे येतो व ग्राहकांकडील केबल जेथून निघतात त्या जागेस नियंत्रण कक्ष म्हणतात. तालुक्याच्या गावात हा कक्ष बहुधा एखाद्या इमारतीतील लहान खोलीत असतो. त्यातील प्रमुख उपकरणे पुढीलप्रमाणे असतात.

* मुख्य राउटर : बाहेरील जाळे व स्थानिक जाळे यांच्यामधील वाहतूक योग्य दिशेने पाठवतो. लहान पुरवठादारांमध्ये लाटव्हियातील मायक्रोटिक या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे राउटर कमी किमतीमुळे विशेष प्रचलित आहेत.
* ग्राहक-प्रवेश सर्व्हर : प्रत्येक ग्राहकाचे नाव व परवलीचा शब्द तपासून त्याला जाळ्यात प्रवेश देतो. यासाठी १९९९ मध्ये प्रमाणित झालेली पीपीपीओई ही पद्धत सर्वत्र वापरली जाते. लहान जाळ्यात हे काम मुख्य राउटरच करतो.
* रेडियस सर्व्हर : ग्राहकाची योजना, वेगमर्यादा, मुदत व वापराची नोंद ठेवतो. मासिक शुल्काची मुदत संपताच सेवा आपोआप थांबते ती या सर्व्हरच्या सूचनेवरून.
* ओएलटी : विद्युत संदेशाचे प्रकाशात रूपांतर करून तो फायबरच्या शाखांमध्ये सोडतो. चार, आठ किंवा सोळा पोर्टचे ओएलटी सामान्यतः वापरात असतात.
* फायबर वितरण चौकट : बाहेरून आलेल्या केबलमधील प्रत्येक तंतू येथे क्रमाने लावलेला असतो व पॅच कॉर्डने ओएलटीशी जोडलेला असतो.

## फायबर वितरण जाळे

### तंतू व केबल

वितरणासाठी एकमार्गी प्रकारचा ऑप्टिकल फायबर वापरतात. त्याचा प्रकाशवाहक गाभा सुमारे ९ मायक्रोमीटर व काचेच्या आवरणासह व्यास १२५ मायक्रोमीटर असतो. एका केबलमध्ये ४, ६, १२, २४ किंवा त्याहून अधिक तंतू असतात. तंतू ओळखता यावेत म्हणून त्यांना निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी, पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा, गुलाबी व फिकट निळा अशा ठरावीक क्रमाने रंग दिलेले असतात.

केबल जमिनीखालून किंवा खांबांवरून नेली जाते. जमिनीखालील केबल अधिक सुरक्षित असते, परंतु तिचा खर्च कितीतरी पटींनी जास्त असतो. त्यामुळे लहान पुरवठादार मुख्यतः खांबांवरून केबल नेतात. खांबावरील केबलला वारा, झाडांच्या फांद्या आणि उंच वाहने यांचा धोका असतो. मोहोळ तालुका ऊस पिकवणारा असून टाकळी सिकंदर येथे भीमा सहकारी साखर कारखाना आहे. अशा भागात गाळप हंगामात उसाने उंच भरलेल्या ट्रॉली रस्ता ओलांडणाऱ्या सैल केबलला अडकण्याची शक्यता असते, म्हणून रस्त्यावरील उंची व ताण यांची तपासणी हंगामापूर्वी करणे हिताचे ठरते.

### निष्क्रिय प्रकाशीय जाळे

ओएलटीच्या एका पोर्टमधून निघालेला प्रकाश वाटेत स्प्लिटर नावाच्या काचेच्या घटकाने अनेक शाखांत विभागला जातो. स्प्लिटरला वीज लागत नाही, म्हणून या रचनेला निष्क्रिय प्रकाशीय जाळे असे नाव आहे. पूर्वीच्या रचनेत प्रत्येक गल्लीत एक स्विच बसवून त्याला एखाद्या ग्राहकाच्या घरातून वीज घ्यावी लागे आणि त्या घरची वीज गेली की संपूर्ण गल्लीची सेवा बंद पडे. निष्क्रिय रचनेने हा दोष दूर केला.

या रचनेचे दोन प्रकार प्रचलित आहेत. ईपॉन हा प्रकार २००४ मध्ये प्रमाणित झाला. त्यात दोन्ही दिशांना सुमारे १ गिगाबिट वेग मिळतो आणि त्याची उपकरणे स्वस्त असतात. जीपॉन या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने प्रमाणित केलेल्या प्रकारात ग्राहकाकडे २.४८८ गिगाबिट व ग्राहकाकडून १.२४४ गिगाबिट प्रति सेकंद वेग मिळतो. जीपॉनमध्ये ग्राहकाकडे जाणाऱ्या संदेशासाठी १४९० नॅनोमीटर व उलट दिशेसाठी १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, त्यामुळे एकाच तंतूवरून दोन्ही दिशांची वाहतूक होते. केबल टीव्हीसाठी १५५० नॅनोमीटरचा प्रकाश त्याच तंतूवरून नेता येतो.

ओएलटीकडून निघालेला संदेश त्या शाखेवरील सर्व ओएनयूंपर्यंत पोहोचतो, परंतु प्रत्येक ओएनयू केवळ आपल्यासाठी असलेला भाग स्वीकारतो. उलट दिशेने बोलण्यासाठी ओएलटी प्रत्येकाला अत्यंत सूक्ष्म अशी वेळ वाटून देतो. एखादा ओएनयू बिघडून वेळ सोडून सतत प्रकाश फेकू लागला, तर त्या शाखेवरील सर्व ग्राहकांची जोडणी विस्कळीत होऊ शकते.

### प्रकाशशक्तीचा हिशेब

जाळ्याची आखणी करताना प्रकाशाची वाटेत होणारी घट डेसिबल या एककात मोजतात. तंतूमध्ये १३१० नॅनोमीटरला प्रति किलोमीटर सुमारे ०.३५ डेसिबल, प्रत्येक सांध्यात सुमारे ०.१ डेसिबल, प्रत्येक कनेक्टरमध्ये जास्तीत जास्त ०.५ डेसिबल आणि १:८ स्प्लिटरमध्ये सुमारे १०.५ डेसिबल घट धरली जाते. जीपॉनच्या बहुप्रचलित 'ब अधिक' श्रेणीत एकूण २८ डेसिबलपर्यंतची घट चालते.

तालुक्याच्या गावापासून १२ किलोमीटरवरील एका खेड्यात एका तंतूवर १:८ चे दोन स्प्लिटर लागोपाठ लावून ६४ घरे जोडायची आहेत असे मानू. तंतूतील घट ४.२, दोन स्प्लिटरची २१, सहा सांध्यांची ०.६ आणि चार कनेक्टरची २ अशी एकूण घट २७.८ डेसिबल होते. ती मर्यादेत असली तरी केवळ ०.२ डेसिबलची सवलत उरते. एक केबल तुटून दोन नवे सांधे द्यावे लागले, तर ती संपते. त्याऐवजी पहिला स्प्लिटर १:४ चा घेतल्यास त्यातील घट सुमारे ७ डेसिबल असते, एकूण घट २४.३ वर येते आणि ३.७ डेसिबल राखीव राहतात. मात्र एका पोर्टवर ६४ ऐवजी ३२ च घरे जोडता येतात. आरंभीचा खर्च वाचवायचा की पुढील दुरुस्त्यांसाठी वाव ठेवायचा, हा निर्णय पुरवठादाराला येथे घ्यावा लागतो.

## बिनतारी दुवे

शेतातील वस्ती, एकाकी शाळा किंवा नदीपलीकडील गाव येथे केबल नेणे परवडत नसेल, तर ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील बिनतारी दुवा वापरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने या पट्ट्याचा मोठा भाग परवानामुक्त केला. दोन्ही टोकांना मनोऱ्यावर किंवा इमारतीवर तबकडीच्या आकाराच्या अँटेना एकमेकींच्या समोर बसवल्या जातात.

अशा दुव्यासाठी दोन्ही अँटेना एकमेकींना दिसणे पुरेसे नसते. त्यांच्यामधील काल्पनिक रेषेभोवतीचा काही भागही मोकळा असावा लागतो. त्यास फ्रेनेल क्षेत्र म्हणतात. १० किलोमीटरच्या दुव्यात ५.८ गिगाहर्ट्झला मध्यभागी या क्षेत्राची त्रिज्या सुमारे ११ मीटर असते आणि तिचा निदान ६० टक्के भाग अडथळ्यांपासून मुक्त ठेवावा लागतो. त्यामुळे हिवाळ्यात उत्तम चाललेला दुवा पावसाळ्यानंतर मध्यावरील झाडे वाढल्याने मंदावू शकतो. परवानामुक्त पट्टा कोणालाही वापरता येत असल्याने जवळपास दुसऱ्याचे उपकरण त्याच वारंवारतेवर चालू झाल्यास व्यत्यय येतो आणि त्याविरुद्ध संरक्षण मागता येत नाही.

## ग्राहकाकडील उपकरणे

खांबावरील वितरण पेटीपासून घरापर्यंत एक-दोन तंतूंची बारीक ड्रॉप केबल नेली जाते. घरात ती ओएनयू या उपकरणाला जोडली जाते. प्रकाशाचे विद्युत संदेशात रूपांतर करण्याचे काम ओएनयू करतो. बहुतेक ओएनयूमध्ये वाय-फाय राउटर अंतर्भूत असतो. ओएनयूवरील 'लॉस' हा लाल दिवा लागणे म्हणजे त्याच्यापर्यंत प्रकाश पोहोचत नसल्याची खूण होय. असा दिवा लागल्यावर राउटर बंद-चालू करून उपयोग होत नाही, कारण दोष तंतूमध्ये असतो.

ड्रॉप केबल भिंतीच्या कोपऱ्यात अति वाकवल्यास प्रकाश गळतो व वेग घटतो. घरातील जाड दगडी किंवा काँक्रीटच्या भिंती ५ गिगाहर्ट्झ वाय-फायला मोठ्या प्रमाणात अडवतात, तर २.४ गिगाहर्ट्झचा संदेश दूरवर जातो परंतु त्याचा वेग कमी असतो. त्यामुळे सेवेच्या वेगाची तपासणी ओएनयूला केबलने संगणक जोडून करावी असे सांगितले जाते.

## आयपी पत्ते

इंटरनेटवरील प्रत्येक जोडणीला आयपी पत्ता लागतो. आयपी आवृत्ती ४ मध्ये एकूण सुमारे ४.३ अब्ज पत्ते आहेत. आशिया-प्रशांत क्षेत्रातील मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये अखेरच्या टप्प्यात पोहोचला आणि त्यानंतर नव्या सदस्याला मर्यादित पत्तेच मिळू लागले. २०१९ पासून ही मर्यादा ५१२ पत्त्यांची आहे. भारतात पत्त्यांचे वाटप निक्सीच्या अखत्यारीतील आयआरआयएनएन ही नोंदणी संस्था करते.

ग्राहक हजारो आणि पत्ते मोजके, या स्थितीत पुरवठादार अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवतो. एका पत्त्यावर सुमारे ६५,००० पोर्ट क्रमांक असतात. प्रत्येक ग्राहकाला १,००० पोर्ट दिल्यास एका पत्त्यामागे सुमारे ६४ ग्राहक बसतात. या मांडणीसाठी १००.६४.०.० पासूनचा स्वतंत्र पत्तासमूह एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. या पद्धतीमुळे घरातील कॅमेरा बाहेरून पाहणे किंवा काही खेळ खेळणे अवघड होते. शिवाय एखाद्या गुन्ह्याच्या तपासात केवळ पत्त्यावरून व्यक्ती ओळखता येत नाही. त्यासाठी पोर्ट क्रमांक व अचूक वेळ यांची नोंद लागते. ती नीट ठेवलेली नसल्यास निरपराध ग्राहकाकडे विचारणा होण्याचा धोका संभवतो. आयपी आवृत्ती ६ मध्ये पत्त्यांची टंचाई नसल्याने हा प्रश्न मुळातूनच सुटतो.

## वीजपुरवठा व संरक्षण

निष्क्रिय जाळ्यात वाटेत वीज लागत नसली तरी दोन्ही टोकांना ती लागते. नियंत्रण कक्षात इन्व्हर्टर, बॅटरी व शक्य तेथे जनित्र ठेवले जाते. ग्रामीण भागात महावितरणचा पुरवठा वादळी पावसात काही तास खंडित झाला तर बॅटरीची क्षमता निर्णायक ठरते. उपकरणांचा एकूण भार ४०० वॅट असल्यास आठ तासांसाठी ३.२ किलोवॅट-तास ऊर्जा लागते. इन्व्हर्टरमधील अपव्यय धरून प्रत्यक्षात त्याहून मोठी साठवण ठेवावी लागते. ग्राहकाच्या घरी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बसवल्यास वीज गेल्यावरही ओएनयू चालू राहतो.

उन्हाळ्यात सोलापूर जिल्ह्यातील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. बंद खोलीतील उपकरणे त्यामुळे अधिक तापतात व त्यांचे आयुष्य घटते. वीज पडल्याने होणारे नुकसान टाळण्यासाठी मनोरा व कक्ष यांचे भूसंपर्कन आवश्यक असते. काचेचा तंतू वीज वाहून नेत नाही, परंतु केबलला आधार देणारी पोलादी तार आणि तांब्याची लॅन केबल ती नेऊ शकतात.

## बिघाड व दुरुस्ती

जाळ्यातील सर्वांत सामान्य गंभीर बिघाड म्हणजे केबल तुटणे. रस्ता रुंदीकरण, जलवाहिनीचे काम, शेतातील नांगरट किंवा खांब बदलणे ही त्याची नेहमीची कारणे आहेत. खोदकामापूर्वी भूमिगत सुविधांच्या मालकांना सूचना जावी यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये 'कॉल बिफोर यू डिग' हे मोबाइल ॲप सुरू केले.

तुटलेले ठिकाण शोधण्यासाठी ओटीडीआर हे उपकरण वापरतात. ते तंतूमध्ये प्रकाशाचा स्पंद सोडते आणि परावर्तित प्रकाश किती वेळाने परतला यावरून अंतर काढते. एका किलोमीटरसाठी जाऊन-येऊन सुमारे १० मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे ५० मायक्रोसेकंदांनी परावर्तन आले तर तुटलेली जागा सुमारे ५ किलोमीटरवर असते. जवळच्या अंतरात तांबडा प्रकाश फेकणारी साधी विजेरीही उपयोगी पडते. जागा सापडल्यावर स्प्लायसिंग यंत्राने दोन्ही टोकांची काच वितळवून जोडतात आणि सांधा जलरोधक पेटीत ठेवतात. २४ तंतूंची केबल तुटल्यास चोवीस सांधे एकेक करून द्यावे लागतात. त्यामुळे रंगांचा क्रम व केबलमार्गाचा नकाशा अद्ययावत असणे दुरुस्तीच्या वेळेवर थेट परिणाम करते. अनेक लहान जाळ्यांत हा नकाशा कागदावर नसून एखाद्या अनुभवी तंत्रज्ञाच्या स्मरणात असतो. तो तंत्रज्ञ काम सोडून गेल्यास जाळ्याची माहितीही त्याच्यासोबत जाते.

खांबावरील काम करताना वीजवाहिनीच्या सान्निध्याचा धोका असतो. पोलादी आधारतार वीजवाहिनीला लागल्यास प्राणघातक अपघात होऊ शकतो, म्हणून सुरक्षा पट्टा, हातमोजे आणि वीजपुरवठा बंद असल्याची खात्री या बाबी आवश्यक मानल्या जातात. तुटलेल्या तंतूचे काचेचे कण त्वचेत शिरतात आणि तंतूमधील अदृश्य प्रकाश डोळ्यांना घातक असल्याने चालू तंतूच्या टोकाकडे पाहू नये असा नियम आहे.

## भारतनेट व स्थानिक पुरवठादार

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळे ही योजना मंजूर केली. पुढे तिला भारतनेट हे नाव मिळाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्यातील काम राज्य शासनाने 'महानेट' या नावाने हाती घेतले. या योजनांत फायबर प्रामुख्याने तालुका मुख्यालयापासून ग्रामपंचायतीपर्यंत एकेरी शाखेच्या स्वरूपात गेले, त्यामुळे एका ठिकाणी तुटल्यास पुढील गावांचा संपर्क तुटत असे. ४ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित भारतनेट कार्यक्रमास मान्यता दिली. त्यात वर्तुळाकार रचना स्वीकारण्यात आली. या रचनेत एका बाजूने केबल तुटली तरी दुसऱ्या बाजूने वाहतूक चालू राहते.

ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून प्रत्यक्ष घरापर्यंतचा शेवटचा टप्पा उभारण्यासाठी स्थानिक उद्योजकांचा सहभाग घेतला जातो. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेली पीएम-वाणी ही सार्वजनिक वाय-फाय योजनाही दुकानदार व लहान पुरवठादार यांच्यावरच आधारलेली आहे.

## आर्थिक व सामाजिक पैलू

स्थानिक पुरवठादाराचे बलस्थान जवळीक हे असते. तंत्रज्ञ गावातच राहत असल्याने तो लवकर पोहोचू शकतो आणि मोठ्या कंपन्यांना न परवडणाऱ्या वाड्या-वस्त्यांपर्यंत जाळे नेऊ शकतो. उणीव भांडवलाची असते. राखीव ओएलटी, दुसरा मुख्य दुवा आणि पुरेशी बॅटरी यांवरील खर्च नेहमीच्या दिवसांत अनावश्यक वाटतो, मात्र बिघाडाच्या दिवशी सेवा टिकते ती त्यांच्यामुळेच. २०१६ नंतर स्वस्त झालेला मोबाइल डेटा आणि २०२३ पासून मोठ्या कंपन्यांनी सुरू केलेली ५जी आधारित बिनतारी घरगुती सेवा यांच्याशी या पुरवठादारांना स्पर्धा करावी लागते.

ग्रामीण भागात बँकिंग, सातबारा उतारा, पीक विम्याचे अर्ज, शिष्यवृत्ती आणि महाविद्यालयीन प्रवेशप्रक्रिया यांचे व्यवहार इंटरनेटवर गेल्याने जोडणी तुटण्याचा परिणाम करमणुकीपुरता राहत नाही. अर्जाच्या अखेरच्या दिवशी सेवा केंद्रातील जोडणी बंद पडल्यास शेतकरी व विद्यार्थी यांचे प्रत्यक्ष नुकसान होते. म्हणूनच एकाहून अधिक पुरवठादार, स्वतंत्र मार्गांवरील मुख्य दुवे आणि अद्ययावत नकाशे या बाबी तालुका पातळीवरील पायाभूत सुविधांच्या नियोजनात महत्त्वाच्या मानल्या जातात.

## हे सुद्धा पहा

* ऑप्टिकल फायबर
* भारतनेट
* भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण
* रेलटेल
* मोहोळ तालुका
* सीना नदी